चौथ्या पिल्लाचं नाव

"खोल खण गं," भिंतीपलीकडून जैतुनबी म्हणाली. "न्हाईतर कुत्री उकरत्यात."

मी उलथन्यानं खणत होते. खुरपं सापडलं नव्हतं, आणि आईला विचारायचं नव्हतं. गिरणीच्या मागे, शेवग्याच्या झाडाखाली हा माझा तिसरा खड्डा. सोमवारी राजवर्धन गेला, गुरुवारी चंद्रलेखा, आणि आज शनिवारी, भर बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेसातला हिरण्मयी. तिला मी माझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. इतकी हलकी होती की नुसती ओढणीच पुरतेय असं वाटलं.

"आता किती राहिली?" जैतुनबीनं विचारलं.

"एक."

"तिचं नाव काय ठिवलंस?"

"नक्षत्रा."

एरवी जैतुनबी कशावरही बोलते. शेजारी तिचा डंका आहे, मिरची-हळद कुटायचा. दिवसभर त्या धडधडाटावरून ओरडून ओरडून तिचा आवाजच तसा झालाय, गल्लीच्या या टोकाला ती हळू बोलली तरी त्या टोकाला ऐकू जातं. पण त्या दिवशी नुसती बघत राहिली आणि आत गेली.

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे, भाषणात पहिला नंबर काढते, मुख्याध्यापकांसमोरसुद्धा माझी जीभ अडखळत नाही. पण सातवीतली मी म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. शाळेत मी शक्यतो बोलायचेच नाही, आणि त्याचं कारण होतं माझं नाव. ते मी इतक्यात सांगणार नाही. एवढंच सांगते की हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी चाळणी हलवल्यासारखा आवाज काढायचं, सुर्र, सुर्र, आणि अख्खा वर्ग फिस्सकन हसायचा. आमच्या वर्गात आर्या होत्या, सानिका होत्या, एक खरीखुरी हिरण्मयी होती. तिचं नाव घेताना बाईंचा आवाज मऊ व्हायचा. माझं नाव बाई पटकन उरकायच्या, इंजेक्शन दिल्यासारखं.

घरी मला कुणी नावानं हाक मारतच नाही. आण्णा 'पोरी' म्हणतात, आई 'आगं' म्हणते. मी आण्णांकडून वचन घेतलं होतं: दहावीचा फॉर्म भरायच्या आधी माझं नाव बदलायचं. आण्णा म्हणाले होते, "बदलू. तवर थांब." कशासाठी थांबायचं ते काही सांगितलं नव्हतं.

तर गिरणीतल्या मनीला जेव्हा गव्हाच्या पोत्यांमागे चार पिल्लं झाली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की यांची नावं अशी ठेवायची की कुणी हसलं नाही पाहिजे.

"मांजराला कशाला पायजे नाव?" आण्णा म्हणाले होते. "मनी म्हनायचं. बोका असला तर बोक्या."

"गावातल्या सगळ्या मांजरी मनीच आहेत. हाक मारली तर अकरा येतील!"

"मग बरंच की. उंदरं कमी हुतील."

मी वही केली. आडव्या रेघांची, दोनशे पानी. त्यात मुलींची नावं, मुलांची नावं, अर्थांसकट. बाराव्या दिवशी रीतसर बारसं केलं. चपलांच्या खोक्याचा पाळणा, तो ओढणीनं छताच्या कडीला टांगलेला, खाली रांगोळी. आत्या मीच. एकेकाच्या कानाशी वाकून "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला कुणी नव्हतं म्हणून हात मागे वळवून माझे मीच घालून घेतले. आईनं उसळीसाठी भिजवलेले हरभरे न विचारता उकडून घुगऱ्या केल्या आणि वाटी घेऊन आईकडे गेले.

आई दारातच उभी होती. टांगलेल्या खोक्याकडे बघत. तिनं वाटी घेतली नाही.

"खाली काढ त्ये," ती म्हणाली.

"अगं, बारसं आहे!"

"म्हनूनच म्हनते. खाली काढ." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

मला इतका राग आला! मामाच्या मुलीच्या बारशाचा तर अख्खा अल्बम आहे: फुग्यांची कमान, चांदीचा पाळणा. माझ्या बारशाचा एक फोटो नाही. का नाही म्हणून विचारलं तर आई म्हणायची, "तवा फोटोवाला न्हवता." मामाची मुलगी माझ्याहून चारच महिन्यांनी लहान. तिच्या वेळी बरा फोटोवाला उगवला!

हिरण्मयीवर माती लोटली आणि पोत्यांकडे गेले, तर नक्षत्रानं ओकारी केली होती. पिवळी, फेसाळ. राखाडी अंग, कपाळावर एक पांढरा ठिपका, म्हणून ती नक्षत्रा. मनी दोन दिवस पिल्लांकडे फिरकतच नव्हती. पत्र्यावर बसून राहायची, खाली बघायचीसुद्धा नाही. मी नक्षत्राला टोपीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे पळत सुटले.

तिथे दोन म्हशी, एक कालवड आणि मी. डॉक्टरांनी टोपीत डोकावून बघितलं.

"पेशंटचं नाव?"

"नक्षत्रा."

"बाप रे. रकान्यात मावायचं नाही." पण त्यांनी लिहिलं. "मालकाचं नाव?"

माझं नाव ओठांवर आलं, ते मी गिळलं. मी म्हणाले, "सुदाम मिरगणे. गिरणीवाले."

"ते मालक का तू?"

"मीच. पण त्यांचं लिहा."

त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून तिच्यात सलाइन सोडलं. पिल्लाच्या मानेवर पाण्याचं टेंगूळ आलं. एक इंजेक्शन दिलं. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"वाचेल ना?"

"घरात आधी किती गेली?"

"तीन."

डॉक्टरांनी हात धुतले. खूप वेळ धुतले. "हे बघ बाळ, औषध दिलंय. दर पंधरा मिनिटांनी ड्रॉपरनं साखर-मिठाचं पाणी. संध्याकाळपर्यंत पाणी पोटात टिकलं तर टिकलं. ऊब दे. याहून जास्त माझ्याकडं नाही."

बाजाराच्या दिवशी आमची गिरणी म्हणजे जत्रा. डब्यांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत. पट्ट्याचा फटफटाट, जात्याची घरघर, आण्णा भुवयांपर्यंत पांढरे. मी मागच्या खोलीत पिल्लाला दळून आलेल्या पिठाच्या डब्याला टेकवून बसले. ताजं पीठ गरम असतं, तेवढी एक ऊब आमच्याकडे फुकट होती. डबा गार झाला की दुसरा ओढायचा. गिऱ्हाइकं ओरडायची, "आमचा डबा कुटं गेला?" आणि आण्णा ओरडायचे, "येतोय, येतोय!"

साडेअकराला पाणी पाजलं. ओकली. पावणेबाराला पाजलं. ओकली. बारा वाजता पाणी घशाखाली उतरलंच नाही, ओठांच्या कडेनं बाहेर आलं. तिचे पंजे गार पडले होते. पोट मात्र भराभर हलत होतं, त्यालाच कुठेतरी जायची घाई असल्यासारखं.

तेव्हा मी काय काय कबूल केलं देवाला! गोड खाणार नाही, मोबाईल मागणार नाही, गणिताला घाबरणार नाही. मग वाटलं, देवाला माझ्या गोड न खाण्यानं काय फरक पडतो? आणि मग एकदम वाटलं, नाव! नावच कमी पडतंय. नक्षत्र म्हणजे काय, तर चमकायचं. चमकून काय होतंय? जगायचं नाव पाहिजे.

वही आणली. पानंच्या पानं उलटली. पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र. अमृता."

काही नाही.

"कुर्रर्र. संजीवनी."

पोट हलत होतं, पण आता मध्येच थांबत होतं. थांबायचं, मी श्वास धरायचे, मग परत हलायचं.

"कुर्रर्र. चिरंजीवी. ऐकतेस ना? चिरंजीवी म्हणजे जी मरत नाही. मरायचंच नाही असा अर्थ आहे. कुर्रर्र. मृत्युंजया. कुर्रर्र..."

"बंद कर!"

आई दारात होती. हाताला कणीक तशीच. मी तिला इतकी पांढरीफटक कधी बघितली नव्हती, आणि ते पीठ नव्हतं.

"कानात नावं घिऊ नकोस तिच्या. येक बी घिऊ नकोस."

"का? का नको?"

"म्हनते म्हनून."

"तुला काय होतंय गं नावानं! तू बारशाला आली नाहीस. घुगऱ्या खाल्ल्या नाहीत. तीन मेली, तू एकदा विचारलं नाहीस!"

"आगं..."

"आगं काय आगं! माझं नाव घे की! घेत का नाहीस? तुझीच लाज वाटते ना तुला, असलं नाव ठेवल्याची? मी नकोच होते तुम्हाला. कुणाला पोरगी पाहिजे असती तर तिचं नाव असलं ठेवलं असतं का? कचऱ्यात टाकायची वस्तू असल्यासारखं!"

मी किंचाळत होते. माझा आवाज गिरणीवरून ऐकू गेला असणार, कारण पट्ट्याचा फटफटाट हळू झाला. फट... फट... फट. मग थांबला. बाजाराच्या शनिवारी, भर दुपारी, रांगेत पस्तीस डबे असताना आण्णांनी गिरणी बंद केली. मी जन्मात असं बघितलं नव्हतं. मयताला जायचं असलं तरी आण्णा रांग संपवून जातात.

ते आत आले. पिल्लाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, मग आईकडे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी तिथे नव्हतेच जणू.

"सूप आन," आण्णा आईला म्हणाले.

आई म्हणाली, "मांजरासाठी?"

"आन म्हनलं ना."

मग त्यांनी मागच्या दारातून हाक मारली, "जैतुनबी! ओ जैतुनबी! जरा येता का?"

डंकाही थांबला. एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या बायकांची कुजबुज ऐकू यायला लागली. जैतुनबी आली, कोपरापर्यंत लाल. आईच्या हातात सूप दिसलं आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

"परत?" ती म्हणाली.

"मांजर हाय," आण्णा म्हणाले.

"आसंल. जीवच हाय की." आणि ती मोरीत हात धुवायला गेली. साबणानं, दोनदा. मिरची लागू नये म्हणून.

आईनं माझ्या मांडीवरून पिल्लू उचललं. मी सोडत नव्हते. आण्णांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. आईनं पिल्लू सुपात ठेवलं आणि सूप उंबऱ्यावर, जिथं सकाळचा केर काढून ठेवला होता, त्याच्यावरनं ओढत पलीकडे नेलं.

"काय करताय? अहो, ती मरायला टेकलीय, काय करताय तुम्ही?"

जैतुनबी उंबऱ्याच्या पलीकडे बसली. तिनं विचारलं, अगदी बाजारात विचारतात तसं, "इकायची हाय का?"

"इकायची हाय," आई म्हणाली.

"लई मरतुकडी हाय. काय घ्याल?"

"तुमी द्याल त्ये."

"मूठभर कोंडा दीन. त्याच्या वर कवडी न्हाई."

"द्या."

कोपऱ्यात आमचा कोंड्याचा पिंप असतो, गाळून उरलेल्या कोंड्याचा, म्हशीवाले नेतात तो. जैतुनबीनं त्यातून मूठ भरली आणि आईच्या पदरात टाकली. आईनं पदराला गाठ मारली. तिच्या हातून गाठ बसेना. आण्णांनी मारून दिली.

"झालं," जैतुनबी मोठ्यानं म्हणाली, आमच्यासाठी नाही, छताकडे तोंड करून, कुणालातरी ऐकू जावं म्हणून. "ही आता हेंची न्हाई. हितं हेंचं कुनी बी न्हाई. उकिरड्यावरची हाय, कोंड्याला घेतलीय म्या. नाव चिंधी. चिंधी कोन उचलून नेतंय?"

रांगेतली एक म्हातारी दारातून हे बघत होती. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हात जोडले. कुणी हसलं नाही. चिंधी या नावाला कुणीही हसलं नाही.

"परत म्हणजे काय?" मी जैतुनबीला विचारलं. "तू मघाशी म्हणालीस. परत म्हणजे?"

जैतुनबीनं आईकडे बघितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, पदराची गाठ मुठीत धरून.

"सांग तिला," आण्णा म्हणाले. "सातवीत हाय आता."

"शुभंकर," आई म्हणाली. ते नाव मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं. "पाळण्यात घातलं, नाव ठिवलं. तेराव्या दिशी गेला. मग मृणाल. तिचं बी थाटात केलं सगळं, साऱ्या गावाला घुगऱ्या वाटल्या. अकरा म्हयने. बसायला लागली हुती." तिनं पदराची गाठ चाचपली. "तुझ्या टायमाला पाळणाच आनला न्हाई घरात."

मी जैतुनबीकडे बघितलं. दर ईदला ती मला बांगड्या भरते, हिरव्या, कोपरापर्यंत. 'माझी पोर हाय' म्हणून गल्लीत सगळ्यांना सांगते. मला वाटायचं, तिला मुलगी नाही म्हणून.

"मग!" जैतुनबी पिल्लाला ओढणीत घेत म्हणाली. "तुला काय फुकट घेतली व्हती व्हय म्या? मूठभर कोंडा मोजलाय तुझ्यापायी."

ती चिंधीला घेऊन गेली. मला मागे येऊ दिलं नाही. म्हणाली, "तुझी हाय का ती? मग? कशाला येतीस?" ड्रॉपर आणि पाण्याची बाटली मात्र माझ्या हातून घेतली आणि किती किती वेळानं पाजायचं ते दोनदा विचारून घेतलं.

आण्णांनी गिरणी सुरू केली. आईनं कणीक पुरी केली. मी शेवग्याखाली भिंतीला कान लावून बसले. डंका बंदच होता. दर पंधरा मिनिटांनी पलीकडून जैतुनबीचा आवाज यायचा, तिला जेवढा हळू जमतो तेवढा हळू, "पी गं चिंधे, पी गं सटवे," आणि मग शांतता. मी मोजत होते. एकदा ती 'पी' म्हणालीच नाही. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मी माती मुठीत धरली होती. तिसऱ्या खड्ड्याची, अजून ओली. चौथा कुठे खणायचा ते माझे डोळे आपोआप बघायला लागले होते, आणि ते मला थांबवता येत नव्हते.

मग पलीकडून एक आवाज आला. बारीक, चिरका, दाराची बिजागरी करकरावी तसा. आणि पाठोपाठ जैतुनबीचा, गल्लीच्या दोन्ही टोकांना जाणारा:

"आगं ए! वरडली! चावली मला रांड!"

औषधानंच वाचली असणार. मी सायन्सची विद्यार्थिनी होणार आहे, मला कळतं. डॉक्टरांनी दिलं होतं ते सलाइन, आणि डबा बदलत बदलत दिलेली ऊब. मी कुणाशी वाद घालत नाही. आई तर त्या विषयावर बोलतच नाही. फक्त पदराचा तेवढा तुकडा कापून कोंड्याची ती गाठ तिनं देव्हाऱ्याच्या मागे ठेवली. ठेवायला गेली तेव्हा तिथे आधीचीच एक होती, पिवळी पडलेली.

चिंधी आज तीन वर्षांची आहे, पोत्यावर पोतं टाकल्यासारखी दिसते. अजूनही व्यवहारानं जैतुनबीची. तिच्याकडे जेवते आणि आमच्याकडे उंदीर मारते.

गेल्या सोमवारी दहावीचे फॉर्म मिळाले. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला नाव बदलायचं होतं ना? आत्ताच काय ते कर, नंतर त्रास होतो." संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर आण्णांनी फॉर्म पुढ्यात ठेवला. अंगावरचं पीठ झटकलं, चष्मा लावला.

"वचन दिलं हुतं तुला. आता सोळावं लागलं. आता काय भ्या न्हाई. तुला पायजे त्ये नाव लिही."

"आमी..." आई म्हणाली. पदराशी चाळा करत राहिली. "आमी एक ठरवलं हुतं तुझ्यासाठी. तू पोटात हुतीस तवाच. कवा तोंडानं काडलं न्हाई. लई चांगलं हाय. सांगू?"

सोळा वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं. मला 'आगं' म्हणताना रोज ते तिच्या ओठांपर्यंत येत असणार. आई ओठ उघडत होती, डोळे चमकत होते, आणि पदर मात्र तिनं मुठीत घट्ट आवळला होता.

मी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको," मी म्हणाले. "राहू दे आत."

माझ्या तळव्याखाली तिचा श्वास सुटला. लांब, गरम. कधीपासून धरून ठेवलेला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी हजेरीत बाई नेहमीसारख्या माझ्या नावाशी आल्या आणि घाईनं उरकायला लागल्या. मागच्या बाकावरून सुर्र, सुर्र सुरू झालं. मी उभी राहिले.

"बाई, सावकाश घ्या," मी म्हणाले. "पूर्ण नाव आहे. कोंडाबाई सुदाम मिरगणे. हजर."